रत्नप्रभाबाईंचं गणपतीचं वर्ष

माझ्या वहीत १६ ऑगस्ट २०२०च्या पानावर एकच ओळ आहे : ‘द्रौपदीकाकी वारल्या. (खोटं.)’

एरवी माझी वही इतकी त्रोटक नसते. लग्न झाल्यापासून रोज सकाळी देवपूजा आटोपली की मी पानभर लिहिते. कुठली पोथी सुरू आहे, कोणाचा उपास, कोणाच्या मुलीचं जमलं. आमच्या ह्यांचं म्हणणं, “तुझ्या वहीत देव कमी आणि शेजारी जास्त.” असेल तसं. पण त्या रविवारी एका ओळीच्या पुढे पेन गेलं नाही, कारण उरलेला दिवस मी समोरच्या धुरीवहिनींच्या फोनवर टाइप करत होते.

चारकोपला आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. एक आमचं, एक धुरींचं. धुरीवहिनी म्हणजे रत्नप्रभा धुरी. तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या. कुडाळच्या पुढचं एक छोटं गाव सोडून एकोणिसाव्या वर्षी परळच्या चाळीत लग्न होऊन आल्या. नवरा गिरणीत. संप झाला, गिरणी गेली, तेव्हा त्यांनी डबे करायला घेतले आणि पुढची बावीस वर्षं केले. चारकोपला राहायला आल्यावरही सकाळी साडेसातला पंधरा डबे जिन्याच्या कठड्यावर ओळीने उभे असायचे. अजूनही दर मे महिन्यात त्या घरी मसाला भाजतात आणि अख्खा मजला दोन दिवस शिंकतो. कोणी तक्रार केली तर म्हणतात, “शिंक, शिंक. सायनस मोकळं होईल.”

टाळेबंदीत दोन दारांमधला तो पाच फुटांचा पॅसेज आमचा दिवाणखाना झाला. त्या त्यांच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायच्या, मी माझ्या दारात स्टूलावर. तोंडाला मास्क, मध्ये पाच फूट अंतर. वहिनींचं एकच सुरू असायचं : यंदा गणपतीचं वर्ष आमचं.

हे ‘वर्ष’ समजून घ्यायला हवं. धुरींची भावकी म्हणजे सात घरं. सगळी मुंबईत पांगलेली. पण गावातलं मूळ घर एकच आणि गणपतीही एकच. मुंबईत वेगळी मूर्ती आणायची नाही, अशी रीत. दर चतुर्थीला सातांपैकी एका घराकडे मान जातो. मूर्ती आणायची त्यांनी, पूजेला बसायचं त्यांनी, पाच दिवस नैवेद्य त्यांच्या हातचा. म्हणजे एकदा वर्ष गेलं की पुन्हा सात वर्षांनी.

धुरीवहिनींचं आधीचं वर्ष होतं २०१३. चतुर्थी तीन दिवसांवर आलेली, आणि गावाला जायच्या तयारीतच धुरीभावोजी गेले. सगळ्या भावकीला सुतक. मूळ घराच्या माटवीखाली, म्हणजे मूर्तीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीखाली, त्या वर्षी गणपतीच बसला नाही. आणि तेराव्याच्या आधीच गावाहून द्रौपदीकाकींचा फोन आला. द्रौपदीकाकी वहिनींच्या थोरल्या चुलत जाऊ. बाकी सगळे मुंबईकर. गावातल्या त्या घरात बारा महिने राहणाऱ्या ह्या एकट्याच. सांत्वन करताना त्या बोलून गेल्या, “तुझ्या वर्साक गणपतीकच येवचा नव्हता गो, रत्ना.” कदाचित त्या रडतच बोलल्या असतील. पण वहिनींनी फोन ठेवला तो ठेवलाच. सात वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. गावाला गेल्या तरी एकाच चुलीवर दोघींची दोन पातेली.

असं ते वर्ष एकदा हुकलेलं. त्यात यंदा हे संकट.

ऑगस्टच्या सुरुवातीला नियम आले. बारा तारखेच्या आत कोकणात पोचा, दहा दिवस घरात बसा. एसटीने गेलात तर पास नको, स्वतःच्या गाडीने गेलात तर ई-पास हवा. वहिनींचा मुलगा सिद्धेश औषधांच्या गोदामात कामाला. त्याला दोन आठवड्यांची रजा कोण देणार? कशीबशी सहा दिवसांची मिळत होती. वहिनी एकट्या एसटीने जायला तयार होत्या, पण मुलुंडहून पुतण्या हर्षदचा फोन आला. “रत्नाकाकी, एसटीत कशाला मरतेस? माझी गाडी आहे ना. पास माझ्याकडे लागला.”

वहिनी त्याला जे म्हणाल्या ते मी माझ्या कानांनी ऐकलं. “काहीही कर, हर्षद. पण मला चवथीच्या आत पोचव.”

बारा तारीख गेली. एसटीची वेळ टळली. हर्षदचा पास दोनदा नाकारला गेला. आणि सोळा तारखेला, रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास ‘धुरी भावकी गणपती’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने पासाचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं : ‘झकास! १८ तारखेला पहाटे निघतोय. गणपती बाप्पा मोरया!’

वहिनींनी आनंदाने माझ्या दाराची कडी वाजवली. “अनुपमा, वाच गं हे. माझा चष्मा सापडत नाही.” चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

मी मोठ्याने वाचू लागले. गाडीचा नंबर, प्रवासी चार, कुठून कुठे. मग एक रकाना आला : प्रवासाचं कारण. मी थांबले.

“काय झालं?”

“वहिनी, इथे ‘जवळच्या नातेवाईकाचे निधन’ असं लिहिलंय.”

त्यांचा चेहरा उतरला. “कोण गेलं गं?”

तोवर ग्रुपवर हाच प्रश्न आणखी दोघांनी विचारला होता. हर्षदचं उत्तर आलं, हसऱ्या चेहऱ्यांसकट : ‘द्रौपदीकाकी. टेन्शन नको, फक्त कागदावर. वयाने सगळ्यात मोठी ना, कोणाला संशय नको.’ त्यावर अकरा जणांनी हसून लोळणारे चेहरे टाकले. वहिनींच्या घाटकोपरच्या मोठ्या दिरांनी, म्हणजे भावकीतल्या पुरुषांत सगळ्यात वडीलधारे राजारामभाऊ, त्यांनी हात जोडलेलं चित्र टाकलं.

खरं सांगते, मीसुद्धा हसले. आणि वर म्हणाले, “जाऊ दे हो वहिनी. देवाच्या कामाला निघालाय तो. देव घेईल समजून.”

धुरीवहिनी हसल्या नाहीत. पाटावर बसल्या. फोन माझ्याकडे सरकवला. “सॅनिटायझर लाव आणि घे. मी सांगते ते लिही. जसं सांगते तसं.”

मी लिहायला बसले. त्या म्हणाल्या, “लिही : हर्षद, तुला लाज नाही वाटली, जिवंत बाईला मारलंस?”

मी लिहिलं : ‘हर्षद, वाचून खेद वाटला.’

“दाखव.” चष्मा खाली आला. “मी लाज म्हटलं. खेद कोणी म्हटलं? तुझ्या वहीत लिही खेद. इथे लाज लिही.”

मी लाज लिहिलं.

मग जे सुरू झालं ते दुपारच्या जेवणापर्यंत. आमच्या ह्यांनी दोनदा बाहेर डोकावून पाहिलं आणि आमटी स्वतः गरम करून घेतली.

हर्षदने लिहिलं : ‘काकी, चिडू नको यार. दारूची दुकानं उघडली, देवळं बंद. आणि आपण बाप्पाकडे निघालो तर आपणच गुन्हेगार? मी चोरी नाही केली.’

वहिनींनी सांगितलं, मी लिहिलं : ‘दुकानाच्या रांगेत उभा राहणारा कोणाला मेलेलं दाखवून उभा राहत नाही.’

अंधेरीची निधी, हर्षदची चुलत बहीण, मध्ये पडली : ‘रत्नाकाकी, भावना बघा ना. तुमच्यासाठीच केलं त्याने.’

‘माझ्यासाठी केलं हे खरं,’ वहिनींनी लिहवून घेतलं. ‘मीच त्याला म्हटलं, काहीही कर. पहिली चूक माझी. ती मी सगळ्यांसमोर कबूल करते. आता दुसरी करणार नाही.’

हे लिहिताना मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पदराच्या टोकाला पीळ देत होत्या. ग्रुपवरच्या एकेचाळीस माणसांसमोर ‘चूक माझी’ म्हणायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

राजारामभाऊंचा मोठा मजकूर आला. त्यांचा सूर नेहमी सभेत बोलल्यासारखा. ‘सौ. नव्हे, श्रीमती रत्नप्रभा, शास्त्रात सांगितले आहे की देवकार्यासाठी उच्चारलेले असत्य हे असत्य ठरत नाही. शांत चित्ताने विचार करावा.’

“कुठच्या शास्त्रात गं?” वहिनींनी मला विचारलं. “तू एवढ्या पोथ्या वाचतेस. आहे कुठे?”

मी आठवू लागले. आणि तासाभरापूर्वी मी स्वतः तेच बोलले होते, हे आठवून मी मान खाली घातली.

“नसू दे. शास्त्रच विचारतात ना? मग लिही,” त्या म्हणाल्या, आणि पाटावर ताठ बसल्या. “भाऊजी, तुम्ही वडीलधारे, म्हणून तुम्हालाच विचारते. सरकारच्या कागदावर द्रौपदीवैनी गेल्या. कागद सोळा तारखेचा. भावकीतली बाई गेली की आपल्याला सुतक किती दिवस?”

मी लिहिलं. वर ‘टाइप करत आहे’ यायचं आणि जायचं.

शेवटी : ‘दहा.’

“लिही. सोळा आणि दहा सव्वीस. चवथ बावीसची. २०१३ला माझा नवरा गेला, तेव्हा तुम्हीच मला सांगितलंत की सुतकात गणपती बसत नाही, रीत म्हणजे रीत. तेव्हा मी एक शब्द काढला नाही. आता सांगा. कागद खरा असेल तर यंदा गणपती बसणार नाही. कागद खोटा असेल तर त्या कागदावर मी गाडीत बसणार नाही. दोन्हींतलं एक निवडा. मी चहा ठेवते.”

आणि खरोखरच त्या उठून चहा ठेवायला गेल्या. मी फोन धरून बसले होते. हसरे चेहरे टाकणारे अकराच्या अकरा गप्प.

पंधरा मिनिटांनी हर्षदचं आलं, आणि ह्या खेपेला त्यात हसरा चेहरा नव्हता : ‘ठीक आहे, नको येऊ. पण मग गणपती कोण बसवणार? वर्ष तुझं. तू नाही तर दार बंद. पुन्हा २०२७. तेव्हा चौऱ्याहत्तरची होशील.’

वहिनींनी ते स्वतः वाचलं. चहाचा कप दोन्ही हातांनी खाली ठेवला.

सिद्धेश आतून बाहेर आला. बिचाऱ्याने सहा दिवसांची रजा साहेबाच्या पाया पडून मिळवली होती. “आई, तू पण ना! कोण बघायला बसलंय कारण काय लिहिलंय ते? नाक्यावरचा पोलीस नंबर बघतो आणि सोडतो. सात वर्षं तू हेच बोलतेस, बाबांचं वर्ष राहिलं, बाबांचं वर्ष राहिलं. आता समोर आलंय तर हे काढलंस. आणि कोणासाठी? जिच्याशी तू बोलतही नाहीस!”

“म्हणूनच,” वहिनी म्हणाल्या.

“काय म्हणूनच?”

“तुझ्याशी बोलते ना मी रोज? तुझ्या नावावर कोणी असं लिहिलं असतं तर फाडून खाल्लं असतं. तिच्याशी बोलत नाही म्हणून तिला मरू देऊ? त्या कागदावर बसून मी तिच्याच घरात जाणार, तिच्याच हातचं पाणी घेणार. विचारलं तिने, कशी गं पोचलीस, तर काय सांगू?”

सिद्धेशने दार आपटलं नाही, पण आपटल्यासारखं लावलं.

दुपारी देवासमोर बसले तेव्हा माझं मन लागेना. चाळीस वर्षं पूजा करते आहे. ‘देव घेईल समजून’ हे वाक्य मी किती वेळा, किती सोयीने वापरलं असेल, ते मोजायला गेले आणि मोजणं सोडून दिलं.

चारच्या सुमाराला पुन्हा कडी वाजली. वहिनींनी साडी बदलली होती, जणू कोणाकडे जायचं होतं. “अनुपमा, द्रौपदीवैनीला फोन लाव. नंबर आहे, पण मला लावता येत नाही.”

“तुम्हाला फोन लावता येत नाही?”

“बाकी सगळ्यांना येतो,” त्या म्हणाल्या.

मी लावला. स्पीकरवर टाकला आणि पाच फुटांच्या मधोमध, माझ्या पायपुसण्यावर ठेवला. द्रौपदीकाकींकडे बटणांचा साधा फोन. सहा-सात वेळा वाजला. मग तिकडून ओरडून, “कोन गो?”

वहिनींनी पदर सारखा केला. मी हाताने खुणा केल्या. तिकडून पुन्हा, “कोन ता? बोलाचा आसा तर बोल, नायतर ठेव.”

“मी रत्ना.”

मागे कोंबडी ओरडल्याचा आवाज तेवढा आला.

“रत्ना? कोणाक काय झाला काय?”

“तुला झालं,” वहिनी म्हणाल्या, आणि मला वाटलं आता रडतील. नाही रडल्या. सरळ, आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पास, कारण, हर्षद, ग्रुपवरचे हसरे चेहरे. शेवटी म्हणाल्या, “मीच बोलले होते त्याला, काहीही कर. म्हणून आधी माझी माफी माग... म्हणजे, मीच तुझी माफी मागते, वैनी.”

फोनमधून एक खरखरीत आवाज येऊ लागला. खोकला वाटला. ते हसणं होतं.

“मेल्यान माका मारल्यान? सकाळी पेज खाल्लंय गो मी! शेणगोठो केलंय! हर्षदाक सांग, माज्या तेराव्याक येवक विसरू नको म्हणान.” मग आवाज जरा खाली आला. “आनि रत्ना, तुका सात वर्सांनी माजी आठवण इली ती मी मेल्यार?”

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. “त्या वेळी तू तसं बोलायला नको होतंस.”

“नको व्हता,” काकी म्हणाल्या. “मी थयच जीभ चावलंय. पन तू फोन ठेवलंस.”

एवढंच झालं. माफीची देवाणघेवाण ह्याहून लांबली नाही. दोघी लगेच कामाला लागल्या. वहिनी म्हणाल्या, “वैनी, ऐक. यंदा वर्ष माझं. मी येत नाही. माझ्या वतीने तू बसव.”

“मी? मी बोडकी बाई. माका पाटार कोण बसूक देतलो?”

“मी देते. वर्ष माझं आहे ना? मग मी सांगते कोणी बसायचं.”

ही गोष्ट वहिनींनी लपवली नाही. लगेच ग्रुपवर लिहवून घेतली : ‘यंदा मान आमच्या घराचा. माझ्या वतीने द्रौपदीवैनी गणपती बसवतील. त्यांना काय मदत लागेल ती फोनवर विचारा. जायचं कोणी नाही.’

सकाळपेक्षा मोठा भडका उडाला. राजारामभाऊंनी लिहिलं, विधवा स्त्रीने प्राणप्रतिष्ठेला बसणे आपल्या घराण्यात आजवर झालेले नाही. कोणी म्हणालं बाप्पा कोपेल. कोणी म्हणालं रत्नाकाकींच्या डोक्यावर परिणाम झालाय, टाळेबंदीत होतं असं. निधीने हळूच लिहिलं, ‘मला तर चालेल’, आणि दोन मिनिटांनी ते पुसून टाकलं.

वहिनी ऐकत होत्या. मी वाचत होते. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी एकच वाक्य सांगितलं, आणि मी त्यातला एकही शब्द बदलला नाही.

‘पासासाठी मेलेली द्रौपदी चालत होती, मग पूजेसाठी जिवंत द्रौपदी का चालत नाही?’

संध्याकाळी सातच्या आरतीच्या वेळेला राजारामभाऊंचा मजकूर आला. फक्त : ‘गावच्या भटजींशी मी बोलतो.’

सोमवारी सिद्धेशने शेवटचा प्रयत्न केला. मला वाटलं, आता वहिनी हरतील, कारण ह्या खेपेला त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चहा घेऊन तो पॅसेजमध्ये आला. “आई, पास-बिस काही नको. मी चौकशी केली. बारा तारीख गेली तरी चाचणी करून जाता येतं. दोघं चाचणी करून घेऊ. रिपोर्ट चांगला आला की बोरिवलीहून एसटी आहे. सगळं नियमात. कोणाला मारायला नको, खोटं बोलायला नको. पूजेला मी बसतो, तू आणि द्रौपदीकाकी शेजारी बसा. बाबांचं वर्ष आहे गं.”

वहिनींनी कप हातात घेतला आणि प्यायल्या नाहीत. मला माहीत होतं त्यांच्या मनात काय चाललं असेल. घराच्या पडवीत पाय टाकायचा. माटवीला कवंडाळांची लाल रानफळं, सुपारीचे घोस बांधायचे. भावोजींच्या नावाने नारळ वाढवायचा. सात वर्षं त्यांनी हे मला इतक्या वेळा सांगितलंय की ते घर मी न पाहता ओळखते.

“चाचणी कधी करायची?” त्यांनी विचारलं.

“आज. रिपोर्ट उद्या. बस परवा.”

“तू गोदामात कधी जाणार?”

“आज दुपारी. उद्या पण. रजा परवापासून करून घेतली.”

“मग रिपोर्ट आजचा. तू उद्या चाळीस माणसांत. मग आपण दहा तास बसमध्ये. आणि मग एकोणऐंशी वर्षांच्या बाईच्या शेजारी बसणार, तिच्या माजघरात, सहा दिवस. तिला दमा आहे, माहीत आहे ना?”

“सरकार परवानगी देतंय आई.”

“सरकारला वैनी माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “गावात अजून एक पण पेशंट नाही, काल ती सांगत होती. काल मी तिला कागदावर मरू दिलं नाही, सिद्धेश. आता खरोखरची मारू?”

सिद्धेश खाली बसला, आईच्या पाटाला पाठ टेकून, आणि थंड झालेला चहा त्यानेच पिऊन टाकला. “रजेचं काय करू आता?” त्याने विचारलं.

“घराला रंग द्यायचा राहिलाय,” वहिनी म्हणाल्या.

मंगळवारी पहाटे हर्षदची गाडी मुलुंडहून निघाली नाही. पुढे त्याने मला स्वतः सांगितलं की सोमवारी दुपारी गावाहून त्याला एक फोन आला होता. उचलला तर पलीकडून द्रौपदीकाकी : “हर्षदा, मी वरसून बोलतंय.” त्याने मंगळवारी ग्रुपवर लिहिलं, ‘पास वापरला नाही. माझं चुकलं. द्रौपदीकाकी ठणठणीत आहेत.’ वहिनींनी त्याला तिथल्या तिथे फोन केला आणि पहिलं वाक्य विचारलं, “जेवलास काय रे?”

शनिवारी, बावीस तारखेला, चतुर्थी. वहिनी पहाटे न्हाऊन तयार. कोरी साडी, आणि चारकोपच्या त्यांच्या स्वयंपाकघरात गावच्या घरासाठी असतो तेवढाच नैवेद्य : पाच भाज्या, वडे, मोदक एकवीस. गणपती पाचशे किलोमीटरवर आणि नैवेद्य इथे. मी म्हटलं, “वहिनी, हा कोणाला दाखवणार?” “फोनला,” म्हणाल्या.

फोन पाटावर ठेवला होता, हळदीकुंकू लावून. तिकडे द्रौपदीकाकींचा फोनही बहुतेक तसाच कुठेतरी टेकवलेला. शेजारच्या मुलाने गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यातून, मूर्ती दारापर्यंत आणून दिली. पुढे काकींनी स्वतः डोक्यावर पाट घेऊन आत आणली, हे आम्हाला धापेवरून कळलं. भटजी मास्क लावून मंत्र म्हणत होते, तो आवाज घोंगडीतून आल्यासारखा. वहिनींना काही दिसत नव्हतं आणि सगळ्यात लक्ष घालायचं होतं.

“वैनी, समई उजवीकडे ठेवलीस ना?”

“ठेवलंय.”

“दूर्वा धुतल्यास?”

“रत्ना, तू इल्यार धू. आता गप ऱ्हव.”

मी माझ्या दारात उभी होते, आमचे हे माझ्या मागे, सिद्धेश हात जोडून आईच्या शेजारी. ग्रुपवाल्या सगळ्यांना वहिनींनी सांगून ठेवलं होतं, साडेअकराला आपापल्या घरी उभे राहा. उभे राहिले असतील.

पूजा झाली. मग गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. ते घरातल्या वडील पुरुषाने घालायचं असतं. राजारामभाऊ घाटकोपरहून दुसऱ्या फोनवर येणार होते, पण गावात रेंज एकाच फोनला पुरत होती आणि ते आलेच नाहीत. मग काकींचा आवाज आला. आधी हळू, मग मोठा.

“बा देवा गणपती म्हाराजा! आज ह्या घराची पोरा-बाळा मुंबैत अडाकली हत, तेंका सुखरूप ठेव रे म्हाराजा!”

वहिनी पदर खोचून उभ्या होत्या. मान ताठ. “व्हय म्हाराजा!” इतक्या मोठ्याने म्हणाल्या की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं.

“जा काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता सिद्धेशही.

“आनि जेना माका जित्तेपणी मारल्यान, तेकाय बरी बुद्दी दी रे म्हाराजा!”

वहिनी हसल्या, रडल्या, दोन्ही एकदम. मी धुरी नाही, माझं गाव तळकोकणात नाही, आमच्याकडे गाऱ्हाणं घालत नाहीत. पण पाच फुटांच्या अलीकडून मीही म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

आरती संपल्यावर काकींनी तिकडून विचारलं, “रत्ना, नैवेद काय केलंस गो?” वहिनी एकेक पदार्थ सांगू लागल्या. काळ्या वाटाण्यांचं सांबारं म्हटल्याबरोबर काकींनी अडवलं.

“वाटान बारीक वाटलंस मां? मागच्या खेपेक जाडा ऱ्हवला व्हता.”

“माझी मागची खेप चौदा वर्षांपूर्वीची, वैनी!”

“म्हणान काय झाला?” तिकडून उत्तर आलं. “माका याद आसा.”

वहिनींनी सांबाऱ्याची वाटी उचलली, फोनच्या पुढ्यात धरली आणि ठणकावून म्हणाल्या, “बघ तर!”